कंदिलाच्या उजेडातलं ऑपरेशन

१९७२ च्या दुष्काळात माझं अपेंडिक्स सुजलं. बैलगाडीतनं सोलापूरला नेलं. आई अडून बसली, "पोट फाडायचं न्हाई." तवा वडलांनी तिला गांधीबाबाची गोष्ट सांगितली.

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या या कैद्याचं अपेंडिक्स पुण्याच्या ससूनमध्ये काढलं. चाकू सरकारच्याच गोऱ्या डॉक्टराचा, कर्नल मॅडॉकचा. मध्येच वीज गेली. उरलेलं काम कंदिलावर उरकलं. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडलं, पुढं जुहूला समुद्राकाठी ते सावरले.

"ज्यांच्याशी भांडला त्यांच्या हातनं गांधी वाचला. हितं तर डॉक्टर आपलेच हायती," वडील म्हणाले.

आईनं कागदावर अंगठा उठवला. पुढं महिनाभर मला घागर उचलू दिली नाही. दोन कोसांवरनं ती एकटीच पाणी आणायची.