घरगुती बीअरनिर्मितीतील विशिष्ट गुरुत्वमापन
घरगुती बीअरनिर्मितीतील विशिष्ट गुरुत्वमापन म्हणजे वर्टची (माल्टच्या गोड अर्काची) पाण्याच्या तुलनेतील घनता किण्वनापूर्वी व किण्वनानंतर मोजणे होय. यीस्ट शर्करेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते, तसतशी ही घनता उतरते. आरंभीचे गुरुत्व १.०५० व अंतिम १.०१० असल्यास फरकाला १३१.२५ने गुणून अल्कोहोल आकारमानाने सुमारे ५.२५ टक्के येते.

अमेरिकेत ५ गॅलनची (१९ लिटर) बॅच रूढ आहे; १ गॅलनच्या (३.८ लिटर) बॅचमध्ये मात्र नमुनाच महाग पडतो. हायड्रोमीटर तरंगण्यास १०० मिलिलिटरच्या आसपास द्रव लागत असल्याने तीन नोंदींत सुमारे ८ टक्के बीअर खर्ची पडते. जंतुसंसर्गाच्या भीतीने नमुना परत ओतला जात नाही. रिफ्रॅक्टोमीटरला काही थेंब पुरतात. परंतु किण्वन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे त्यावरील आकडा वास्तवाहून अधिक दिसतो व गणिती दुरुस्ती करावी लागते.

नोंदी जुळत नसल्यास दोष बहुधा उपकरणापेक्षा नमुन्यात असतो. वरून घातलेले पाणी नीट न मिसळल्यास दाट वर्ट तळाशी राहते. गरम द्रवात आकडा कमी येतो (अनेक हायड्रोमीटर २० °से. तापमानासाठी प्रमाणित असतात), तर चिकटलेले वायूचे बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलून आकडा फुगवतात. त्यामुळे नमुना थंड व वायुरहित करून घेतात. ऊर्ध्वपातित पाण्यात १.००० दिसते की नाही, हेही तपासले जाते.

काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी समान आल्याखेरीज बाटल्या भरणे धोक्याचे असते. उरलेली शर्करा आंबून वाढलेल्या दाबाने काच फुटू शकते. या तपासणीपुरता रिफ्रॅक्टोमीटरचा दुरुस्त न केलेला आकडाही चालतो, कारण येथे केवळ तो स्थिर आहे का एवढेच पाहायचे असते.