लेथवरील ड्रिलिंग (एकसारख्या नगांचे)
एकाच मापाचे नग लेथच्या चकमध्ये फिरवून टेलस्टॉकमधील ड्रिलने भोके पाडण्याची पद्धत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये ज्या बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तिथल्या उद्यमबागेतील मशीनशॉपांत हे नित्याचे काम. सारे यश आधीच्या जुळणीत असते. टेलस्टॉकचे केंद्र स्पिंडलच्या अक्षाशी जुळले नाही, तर भोक मापापेक्षा मोठे होते. स्पिंडलच्या पोकळीत स्टॉपर बसवला की प्रत्येक नग तेवढाच आत जातो. खोलीसाठी टेलस्टॉकच्या स्लीव्हला दुसरा अडसर लावतात. सुरुवात सेंटर ड्रिलने करावी. मऊ पोलादात १० मिमी हायस्पीड ड्रिलसाठी मिनिटाला सुमारे ८०० फेरे ठीक. खोल भोकातून ड्रिल वारंवार मागे घेऊन चुरा काढावा. बीड कोरडेच कापतात. नग हजारोंनी असतील, तर फिरत्या टरेटचा कॅपस्टन लेथच घ्यावा.