गुत्त्याची राख : एका संध्याकाळचा घटनाक्रम

साल 1980च्या आसपासचं. अमेरिकेतल्या कुठल्याही घराचं तळघर, टेबलावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाची पुस्तकं. घड्याळं दोन : एक भिंतीवर, दुसरं खेळातल्या गुत्त्यात.

संध्याकाळी 6.00. बुटका योद्धा, चोर, पुरोहित आणि मांत्रिक काम शोधत गुत्त्यात शिरतात. असले खेळ नेहमी गुत्त्यातच का सुरू होतात? एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली माणसं दुसरीकडे कुठे एका बाकावर बसणार!

7.00. चोर एका लाकूडतोड्याचा बटवा मारायला जातो. फासा रुसतो, मानगूट पकडली जाते. दोन पेले पाजले असते तरी मिटलं असतं.

7.20. बुटका बाक उचलतो. खेळ चालवणारा डंजन मास्टर 1979चं मार्गदर्शक पुस्तक उघडतो, आणि घोळ इथेच होतो. तलवारीचा वार चटकन निकालात निघतो. नुसत्या हातांनी भांडायचं तर ठोसे, पकड आणि अंगावर झेप यांचे निरनिराळे तक्ते, टक्केवारीचे फासे, वर अधिक-उण्यांची रांग. पुस्तकाचे लेखक गॅरी गायगॅक्स यांनी बारकाव्यांची हौस पुरेपूर भागवून घेतली आहे.

8.45. भिंतीवर जवळपास दीड तास, गुत्त्यात जेमतेम चार मिनिटं. एक फेरी म्हणजे एक मिनिट. लोळवला किती जणांना? एका लाकूडतोड्याला, तोही अर्धवट.

मांत्रिकाचा खेळाडू कंटाळून त्याच पुस्तकातली व्यंगचित्रं बघत बसतो. विल मॅक्लीनच्या एका चित्रात मांत्रिक-योद्धे टेबलाभोवती बसून नोकरदार आणि विद्यार्थी असण्याचा खेळ खेळताहेत. गायगॅक्सनी गंभीर चेहऱ्याने नियम सांगावेत आणि मॅक्लीनने शेजारून जीभ काढावी; माझ्या मते एवढं जाडजूड पुस्तक सुसह्य होतं ते यामुळेच.

9.00. मांत्रिकाचा खेळाडू आपलं पुस्तक ओढून अग्निगोळ्याचा मंत्र काढतो. साहित्य : वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. पाचव्या पातळीला पाच फासे. ना तक्ता, ना वजाबाकी.

मोकळ्यावर हा वीस फूट त्रिज्येचा गोळा. बंद जागेत मात्र तो आपलं घनफळ सोडत नाही : सुमारे 33,000 घनफूट. गुत्त्याचं दालन 40 बाय 30, उंची 10, म्हणजे 12,000. उरलेले 21,000 जाणार कुठे? पुरोहिताची खेळाडू हा हिशेब मोठ्याने करून दाखवते. कुणाचं लक्ष नाही.

9.04. मंत्राला तीन सेगमेंट, म्हणजे अठरा सेकंद. चोर टेबलाखाली.

9.05. फासे : एकोणीस. गावकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, सहा-सात असले तर खूप. बचावाचा फासा साधला तरी निम्मे, म्हणजे नऊ वजा होणारच. आग दालन भरून स्वयंपाकघरात शिरते, जिना चढते. बुटका तगतो, त्याच्या जातीला जादूविरुद्ध सवलत आहे.

“वरच्या खोल्यांत किती जण झोपले होते?” पुरोहिताची खेळाडू विचारते.

डंजन मास्टरने हे ठरवलेलंच नसतं. तो फासे उचलतो.