बेंचखालचा खण: सुताराच्या टेबलाची दोन हजार वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोललेलंच उतरवलंय, त्यामुळे भाषा थोडी सैल आहे, सांभाळून घ्या.

आज ना लढाई, ना राजा. आजचा विषय आहे सुताराचा बेंच. म्हणजे ज्यावर लाकूड ठेवून रंधा मारतात, करवतीने कापतात, पटाशीने खाचा पाडतात, ते जाडजूड टेबल.

हा विषय डोक्यात शिरला त्याचं कारण घरगुती आहे. दिवसभर कोड लिहितो, आणि शनिवार-रविवारी लाकूडकाम करतो. त्यासाठी एक बेंच बनवायचा बेत आहे, खाली छान खण असलेला. इंटरनेटवर डिझाइन्स बघायला लागलो तर एक गोष्ट खटकली. आज घरच्या वर्कशॉपसाठी जो तो बेंच बनवतो, त्याला चार, सहा, दहा खण असतात. पण जुनी चित्रं बघा, खण जवळपास नाहीतच! ड्रॉवर म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. पाच फळ्यांचा खोका. ज्या माणसाचं पोटच लाकडावर चालायचं, त्याला स्वतःच्या बेंचला एक खण करता येत नव्हता?

येत होता की. मग केला का नाही? आज त्याचंच उत्तर शोधूया.

आधी बेंच म्हणजे काय ते समजून घेऊ

बेंचचं खरं काम लाकूड ठेवणं नाही, लाकूड *धरणं* आहे. रंधा मारताना फळी पुढे पळते, कापताना थरथरते. दोन्ही हात हत्यारावर असतात. मग फळी कोण धरणार? बेंचच्या सगळ्या इतिहासात हाच एक प्रॉब्लेम वेगवेगळ्या प्रकारे सोडवलेला दिसतो.

रोमन लोकांपासून सुरू करू. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही शहरं गाडली गेली. हर्क्युलेनियमच्या एका भिंतीवर चित्र सापडलं होतं, पंख असलेली छोटी मुलं सुतारकाम करतायत असं. मूळ चित्र आज उरलेलं नाही, पण 18 व्या शतकात छापलेली त्याची नक्कल आहे. त्यातला बेंच बुटका आहे, त्यावर भोकं आहेत आणि एक लोखंडी आकडा आहे. याला होल्डफास्ट म्हणतात. छत्रीच्या वाकड्या दांड्यासारखा दिसतो. भोकात घालायचा, वरून हातोडी मारायची, की तो भोकात तिरका अडकतो आणि फळी दाबून धरतो. सोडवायचा तर मागून एक टोला. ना स्क्रू, ना स्प्रिंग. दोन हजार वर्षांनी आजही ही वस्तू नवी विकत मिळते. एवढा जुना कोड एकही बदल न करता प्रॉडक्शनमध्ये चालतोय म्हटल्यावर माझ्यासारख्याने हात जोडायचे!

आणि हे फक्त चित्रात नाही. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ झालबुर्ग नावाचा रोमन किल्ला आहे. तिथल्या विहिरीत पाण्याखाली लाकूड टिकून राहिलं आणि त्यात एक खराखुरा बेंच सापडला, साधारण इसवी सन 187 चा. तोही बुटका. का? कारण कारागीर त्यावर बसायचा. स्वतःच्या वजनाने फळी दाबून धरायचा. शरीरच शिकंजा.

हे ऐकून काही आठवलं? आपल्याकडचा सुतार. तो तर जमिनीवरच बसायचा, पायाने लाकूड धरायचा आणि हातात वाकस किंवा पटाशी. उंच बेंच नाही म्हणजे काम कमी दर्जाचं, असं मात्र समजू नका. 1807 च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला पुण्यातला विश्रामबाग वाडा बघा. ते सागवानी नक्षीकाम याच बैठकीच्या परंपरेतून आलंय.

बेंच उभा राहतो

युरोपात मध्ययुगाच्या शेवटी-शेवटी बेंच उंच व्हायला लागतात. कारागीर उभा राहून काम करतोय. पण उभं राहिलं की बसून दाबायचं वजन गेलं. मग धरायची नवी सोय हवी. 1505 मध्ये न्यूरेंबर्गच्या मार्टिन लोफेलहोल्झच्या हस्तलिखितात एक बेंच काढलेला आहे, त्याला लाकडी स्क्रूचे वाइस आहेत, एक समोर आणि एक टोकाला. आजच्या कुठल्याही सुताराला तो बघताक्षणी ओळखता येईल.

आता येतो या गोष्टीचा हिरो. आंद्रे जाकोब रुबो. जन्म 1739, पॅरिस. सुताराचा मुलगा, स्वतः सुतार. घरची परिस्थिती बेताची, पण गणित आणि ड्रॉइंग शिकला, आणि 1769 ते 1775 या काळात त्याने सुतारकामावर एक अवाढव्य ग्रंथ लिहिला. साडेतीनशेहून जास्त पानभर चित्रं. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने प्रत्येक धंद्याचं ज्ञान छापायचा प्रकल्प हाती घेतला होता, त्यातला हा भाग. याची मजा काय, तर असे ग्रंथ सहसा पंडित लिहायचे, कारागिरांना विचारून विचारून. इथे कारागिरानेच पेन हातात घेतलं.

रुबोचा बेंच ऐका. वरची फळी एकाच ओंडक्याची, पाच-सहा इंच जाड, वीस-बावीस इंच रुंद, लांबी सहा ते बारा फूट. पाय ओकच्या लाकडाचे आणि थेट फळीत ठोकून बसवलेले. मी सहज हिशोब केला. नऊ फुटांची बीचच्या लाकडाची फळी धरली तर नुसती फळीच दीडशे किलोच्या वर जाते. हलणार कशी? आणि हलू नये हाच तर मुद्दा.

आणि त्याला एक खण आहे! एकच. फळीखाली, छोट्या हत्यारांसाठी. खाली फळ्यांचा एक मांडा, बस्स.

एकच का, याचं एक कारण तांत्रिक आहे. होल्डफास्टचा दांडा भोकातून खाली उतरतो. फळीखाली लगेच खण भरले तर दांडा खणावर आपटणार. शिकंजे लावायलाही फळीच्या खालून जागा लागते. म्हणजे जितके खण, तितकी धरायची सोय कमी. हा ट्रेड-ऑफ आजही तसाच आहे.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारखान्यात बेंच मालकाचा असायचा. हत्यारं कारागिराची. आज या मालकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. मग तो आपली हत्यारं दुसऱ्याच्या बेंचच्या खणात कशाला ठेवेल? त्याचे खण त्याच्या पेटीत असायचे.

अशी एक पेटी इंग्लंडमध्ये रोचेस्टरच्या म्युझियममध्ये आहे. चॅटम गावच्या बेंजामिन सीटन नावाच्या तरुणासाठी त्याच्या वडिलांनी 1796 मध्ये लंडनहून हत्यारं घेतली, आणि पुढच्या वर्षी पोराने त्यांच्यासाठी पेटी बनवली. बाहेरून साधी, आत महोगनीचे सुंदर खण. सगळी कारागिरी आतल्या बाजूला, जिथे फक्त मालक बघणार.

मग खणवाले बेंच कुणाचे?

ते सापडतात अमेरिकेत, शेकर लोकांकडे. हा एक ख्रिस्ती पंथ. अ‍ॅन ली नावाची बाई 1774 मध्ये मूठभर अनुयायांना घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला गेली. लग्न नाही, खाजगी मालमत्ता नाही, बाया-पुरुषांना सारखं स्थान आणि कामात नीटनेटकेपणा. त्यांच्या वर्कशॉपमधले बेंच प्रचंड, काही दहा फुटांहून लांब, आणि फळीखाली खणांच्या आणि कपाटांच्या रांगाच रांगा. खणांचं वेडच होतं त्यांना. न्यू हॅम्पशायरमधल्या एनफिल्डला त्यांनी 1841 मध्ये एक दगडी इमारत पूर्ण केली, त्यात भिंतींमध्येच 860 खण आहेत!

आता विचार करा. खाजगी मालकी न मानणारे लोक सगळ्यात जास्त खण बनवतात. म्हणजे खण हे मालकीचं लक्षण नाहीच. ते *मुक्कामाचं* लक्षण आहे. त्यांना माहीत होतं, आपण इथून कुठे जाणार नाही. उद्या मी नसेन, पण पटाशी याच खणात असेल आणि दुसरा भाऊ ती घेईल.

इथे आपल्या बलुतेदारीची आठवण येतेच. गावच्या सुताराची जागा पक्की होती. नांगर, कुळव, बैलगाडीची दुरुस्ती त्याच्याकडे, आणि सुगीला त्याचं बलुतं धान्यात. पण ती जागा जन्माने मिळायची आणि सोडता यायची नाही. सुताराचा पोरगा सुतारच. त्यामुळे ‘पक्की जागा’ म्हटलं की लगेच भारावून जाऊ नये. शेकर माणूस निदान स्वतः ठरवून त्या पंथात यायचा.

घरात बेंच येतो

विसाव्या शतकात लाकूडकाम हा छंद झाला आणि प्रश्न उलटा झाला. हौस आहे, जागा नाही. रॉन हिकमन हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, इंग्लंडमध्ये लोटस कंपनीसाठी गाड्या डिझाइन करायचा. लोटस एलान ही स्पोर्ट्स कार त्याचीच. 1961 मध्ये घरी कपाट बनवताना त्याने खुर्चीवर फळी ठेवून कापली, आणि खुर्चीच कापली गेली! त्यातून त्याने घडी होणारा बेंच बनवला, ज्याच्या वरच्या दोन फळ्याच वाइसचं काम करतात. कंपन्यांनी नकार दिला. त्याने स्वतःच विकायला सुरुवात केली. शेवटी सत्तरच्या दशकात ब्लॅक अँड डेकरने तो ‘वर्कमेट’ नावाने बाजारात आणला आणि त्याचे कोट्यवधी नग खपले.

वर्कमेटला खण नाही. असणारच नाही. काम झालं की घडी घालून भिंतीला टेकवायचा. जागा तात्पुरती, बेंचही तात्पुरता.

आमच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम झालं तेव्हा आलेल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी काय केलं असेल? आमच्याच प्लायवूडचा एक ओटा ठोकला. गोल करवतीचं मशीन खालून उलटं बसवलं, झालं टेबल. तीन आठवडे त्यावर सगळं घर बनलं. शेवटच्या दिवशी तो ओटा उलगडला आणि त्याचं प्लाय माळ्याच्या तळाला लागलं. हत्यारं रेक्झिनच्या पिशवीत, निघाले पुढच्या साइटवर. मी विचारलं, “काका, तुमचा स्वतःचा बेंच आहे का कुठे?” हसले. म्हणाले, “ठेवू कुठे?”

दोनच शब्द, पण आजचा सगळा एपिसोड त्यात आहे. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरात खण बसवले. सॉफ्ट-क्लोज चॅनलवाले, गुळगुळीत सरकणारे. स्वतःच्या पटाशीला मात्र एक खण नाही. कसब कमी म्हणून नाही, जागा नाही म्हणून.

आणि आपण तरी काय वेगळे? मी जिथे काम करतो तिथे आता हॉट डेस्क आहे. आधी प्रत्येकाच्या टेबलाखाली कुलपाचे तीन खण होते. त्यात मग, चार्जर, कुणीतरी दिलेला पेढ्यांचा बॉक्स. आता रोज नवीन टेबल, सगळं पाठीवरच्या बॅगेत. घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा. मिस्त्रींची रेक्झिनची पिशवी आणि माझी लॅपटॉप बॅग यात पगाराचा फरक आहे, तो मोठाच आहे. पण खण दोघांनाही नाही.

तर मग माझ्या बेंचचं काय?

डिझाइन ठरलंय. पाच फूट बाय दोन फूट, फळी तीन इंच जाड, पुण्याच्या टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया घेऊन. पाय बोल्टने जोडणार, म्हणजे घर बदललं तर उघडून नेता येतील. खण बेंचला ठोकायचे नाहीत. सहा खणांचं वेगळं खोकं करून खालच्या दांड्यांवर ठेवायचं. वजनही खाली राहील आणि बेंच हलणार नाही. फळी आणि खोकं यांच्यात आठ इंच मोकळे, रुबोच्या होल्डफास्टसाठी. वरचे खण उथळ, पटाश्या आणि गुण्या एका थरात दिसतील असे. खालचे खोल, रंध्यांसाठी.

घरमालकांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं बाकी आहे.

तुमच्या घरात किंवा कामाच्या जागी फक्त तुमचा असा एक खण आहे का? आज रात्री उघडून बघा, त्यात काय साठलंय ते. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!