पैलवान कोल्हापूरलाच का जायचे?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात एके काळी एक वाक्य ठरलेलं असायचं. जत्रेच्या फडात पोरानं रेवड्यांवरची कुस्ती मारली, मग नारळावरची मारली, पुढं पाच-दहा रुपयांची मारली, की पारावरची म्हातारी माणसं त्याच्या बापाला म्हणायची, "आता याला कोल्हापूरला धाडा." सोलापूर आम्हाला हाकेच्या अंतरावर. हैदराबादशी तर निजामाच्या काळापासूनचा संबंध. तरीही पैलवानकीसाठी नाव निघायचं ते कोल्हापूरचंच. हे असं का, याचा विचार बरेच दिवस डोक्यात घोळत होता. आज जमेल तसा मांडतो.

विचाराला निमित्त झालं ते आमच्या नातवाचं. तो अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा भक्त. त्यानं सांगितलं की तिकडे करार संपला की खेळाडू आपल्या मर्जीनं दुसऱ्या संघात जाऊ शकतो, आणि जाताना नुसता पैसा बघत नाही, शहरही बघतो. हवा कशी, खायला-प्यायला काय, खेळ संपल्यावर रात्री शहर जागं असतं की नाही, हे सगळं. १९९६ साली शकील ओनील ऑर्लँडो सोडून लॉस एंजेलिसला गेला. २०१० साली लेब्रॉन जेम्स आपल्या घराजवळचं क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला आणि तसं त्यानं टीव्हीवर जाहीर केलं. क्लीव्हलँडला बर्फ आणि मायामीला समुद्रकिनारा, त्यामुळे लोकांनी लगेच अर्थ काढला. पण मायामीत ड्वेन वेडसारखा जोडीदार होता आणि त्या राज्यात मिळकतीवर राज्याचा कर नाही, हेही तितकंच खरं. शिवाय हाच गडी २०१४ साली परत क्लीव्हलँडला आला आणि २०१६ साली त्यानं गावाला विजेतेपद मिळवून दिलं. सॅन अँटोनियो हे त्या मानानं शांत शहर, पण १९९९ ते २०१४ या काळात त्यांनी पाच विजेतेपदं मिळवली. म्हणजे झगमगाट खेळाडूला ओढतो खरा, पण त्याला धरून ठेवणारं काहीतरी वेगळंच असतं.

हाच नियम कोल्हापूरला लावून पाहू.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. स्वतः कुस्तीचे शौकीन. १९०२ साली ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसं मैदान आपल्या गावात हवं असं मनात घेतलं. १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. मधे हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराक दिला, पंजाबकडचे नामांकित मल्ल बोलावले. घरचा मल्ल मोठा व्हायचा तर बाहेरचा तगडा मल्ल समोर पाहिजे, हे त्यांना कळत होतं.

पण त्यांनी तेवढंच केलं नाही. खासबागेला लागून १९१५ साली त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. त्यांच्याच पदरी गानसम्राट अल्लादिया खाँ होते. पुढच्या काळात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथंच निघाली आणि १९२९ साली 'प्रभात'चा जन्मही तिथलाच. एका भिंतीपलीकडे कुस्ती आणि अलीकडे नाटक, अशी रसिकता फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा कोल्हापूरकर घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले, ते उगाच नव्हे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, पैलवानाला रात्रीच्या नाटकाचं काय? तो तर नवाच्या आत झोपणार आणि कोंबडा आरवायच्या आधी उठून जोर-बैठका काढणार. लंगोटाचा पक्का राहणं ही तर पहिली अट. अगदी खरं. त्याला शहराची रात्र नकोच असते. पण गावाला आपण हवे आहोत, हे त्याला दिसावं लागतं. कोल्हापुरात संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी येतात आणि तिथंच धार काढून फेसाळतं दूध गिऱ्हाइकाच्या हातात देतात. दुसऱ्या गावी माणसं संध्याकाळी चहाच्या टपरीवर जमतात, इथं दुधाच्या कट्ट्यावर. मटण, तांबडा-पांढरा रस्सा, बदामाची थंडाई हे गावाचं रोजचं खाणं, आणि पैलवानाचा खुराकही तोच. आपल्याला जे पथ्य म्हणून पाळायचं तीच त्या गावची चैन होती! पोराला आणखी काय पाहिजे?

आणि तालमी. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, मठ तालीम, काळा इमाम, बाबूजमाल. तालीम म्हणजे व्यायामाची खोली एवढंच नव्हे. परगावचं पोर तिथंच राहायचं, तिथंच हात भाजून भाकरी करायचं. पेठेतले सण, मोहरमचे पंजे, भांडणं आणि तडजोडी सगळं तालमीच्या अंगणात. १९४९ साली संस्थान विलीन झालं, राजाश्रय गेला, पण तालमी बंद पडल्या नाहीत, कारण तोवर पेठेनं पैलवान आपले मानले होते. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असं गाव सोडून पैलवान जाईल कुठं?

आमच्या भागाचा सगळ्यात मोठा मल्ल म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यातच, म्हणजे आमचेच. तेही कोल्हापूरला गंगावेस तालमीत घडले. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा आमच्या शाळेत मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना बिराजदार म्हणून शड्डू ठोकायची.

त्याच काळात माझ्या वर्गातला कळंब तालुक्यातला एक मुलगा कोल्हापूरला गेला. नाव सांगत नाही. अंगानं भक्कम, गणितात कच्चा. तिकडून पत्र टाकायचा. पहिल्या पत्रात दुधाचं वर्णन, दुसऱ्यात खासबागेच्या गर्दीचं. तिसऱ्या पत्रात बदामाचा भाव होता. चौथं पत्र आलंच नाही, पोरगाच आला. बापाची चार एकर कोरडवाहू, त्यात पाऊस नाही. गावानं राहायला जागा दिली, वस्तादानं डाव दिले, पण रोजचं दूध-तूप शेवटी घरूनच पुरवायचं होतं. नंतर तो साखर कारखान्यावर लागला, संसार नीट केला. पण त्याच्या खांद्याकडे पाहिलं की मला अजून चुटपुट लागते. मन लावणारं गाव भेटलं तरी पोट भरणारी सोय नसेल तर खेळाडू टिकत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.

पुढं कुस्ती मातीवरून मॅटवर गेली, नोकऱ्या आणि सरावाच्या सोयी पुण्याकडे वाढल्या. खुद्द बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचाच शिष्य. त्यानं २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्ण मिळवलं. ते पाहायला वस्ताद नव्हते, २०११ सालीच गेले. म्हणजे मराठवाड्याची पोरं जात राहिली, फक्त गाडीची दिशा बदलली.

मग आमचं धाराशिव कायम पोरं धाडणारंच राहणार का? इथं मला खो-खोच्या मुली आठवतात. सारिका काळे ही आमच्या गावची. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती अशी की एक वेळच्या जेवणावर दिवस काढलेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय संघात आमची अश्विनी शिंदे होती. आमच्या गावात रात्री आठनंतर दुकानांची शटरं खाली येतात, समुद्रकिनारा सोडा, उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. तरी खो-खो इथं रुजला. खेळाला महागडी सामग्री लागत नाही हे एक, आणि संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहणारा कुणीतरी वर्षानुवर्षं होता हे दुसरं.

आता लीग आल्या आहेत. २०१४ पासून प्रो कबड्डी, २०२२ साली अल्टिमेट खो-खो. तिथं संघच खेळाडूला निवडतो, शहर निवडायचा प्रश्नच नसतो. पैसा मिळतो ही चांगलीच गोष्ट. पण लीगचे दिवस थोडे, बाकीचं वर्ष खेळाडूला कुठंतरी राहायचं असतं, जेवायचं असतं, सराव करायचा असतं. ते गाव आपलं असावं असं वाटत असेल तर दिव्यांच्या रोषणाईपेक्षा मैदानाशेजारी चार खोल्या, दोन वेळचं सकस जेवण आणि सरावानंतर मुलींना सुखरूप घरी जाता येईल असा उजेडाचा रस्ता आधी पाहिजे. शाहू महाराजांनी आधी खुराक दिला, मैदान मागाहून बांधलं. आपण मात्र आधी स्वागताची कमान उभारतो.

असो. तुमच्या गावचा एखादा खेळाडू गाव सोडून गेला असेल, किंवा सगळं असूनही गावातच राहिला असेल, तर त्याची हकीकत जरूर कळवा.