खाणीच्या तोंडाशी

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायट्यांचे स्लॅब ज्या काळ्या खडीवर पडले, तसला दगड विल्होळी-सारूळच्या डोंगरांतून निघतो. आज तो क्रशरमध्ये फुटतो. पूर्वी हाताने फुटायचा. सुरुंग आणि घण पुरुषांकडे, खडी करणं आणि घमेली वाहणं बायांकडे. वडार समाजाच्या कित्येक पिढ्या यातच गेल्या. ढिगापाशी उकिडवी बसलेली बाई डाव्या हाताने दगड धरायची आणि उजव्या हातातल्या हातोडीने तो फोडायची. शेजारी लुगड्याच्या झोळीत पोर. मोजणी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर.

तिला खाणकामगार म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

कोळशाच्या खाणीत मात्र बाई थेट आत उतरत होती. नवरा कोळसा तोडायचा, बायको टोपलीने डब्यात भरायची. १९२० च्या सुमारास भारतातल्या कोळसा खाणींत दर तीन मजुरांमागे जवळपास एक बाई होती. १९२९ मध्ये सरकारने त्यांना जमिनीखालून काढायला सुरुवात केली. मध्य प्रांत, बंगाल, बिहारमधल्या कोळसा खाणींना त्यासाठी टप्प्याटप्प्याची मुदत मिळाली. हेतू दयेचा होता, पण घरातली एक मजुरी गेली आणि तिची भरपाई कुणी केली नाही.

पुढे महायुद्धात कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये हीच बंदी उठली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीकेची झोड उठली. आंबेडकरांनी तो आणीबाणीचा उपाय म्हणून मांडला आणि सोबत एक गोष्ट ठासून सांगितली : खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान दाम, हे तत्त्व एखाद्या उद्योगात बहुधा पहिल्यांदाच मान्य होतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. नाशिककरांना त्यांचा १९३० चा काळाराम सत्याग्रह पाठ असतो; हे भाषण सहसा कुणाला आठवत नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी परत आली.

१९५२ च्या खाण कायद्याने ती कलम ४६ मध्ये पक्की केली : बाईने जमिनीखाली उतरायचं नाही, वर काम करायचं तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान. याच कायद्यातली एक तरतूद मोठी मासलेवाईक होती. इमारती दगडाची खाण सहा मीटरांहून खोल नसेल, पन्नासांहून जास्त माणसं नसतील आणि सुरुंग वापरला जात नसेल, तर तिला जवळपास सगळा कायदा माफ. पिण्याचं पाणी माफ, प्रथमोपचार माफ. जी मोजकी कलमं तरीही लागू राहिली, त्यांत ४६ वं होतं!

नव्वदच्या दशकात नागपूरच्या चंद्राणी वर्मांना खाण अभियांत्रिकी शिकायची होती, तेव्हा ही शाखा मुलींसाठी नाही, असंच उत्तर मिळालं. त्या उच्च न्यायालयात गेल्या, प्रवेश मिळवला आणि १९९९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढे खाण संशोधनातच रमल्या.

जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने बायांना अखेर जमिनीखाली जायची मुभा दिली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती. लेखी संमती हवी होती आणि किमान तिघींचा गट हवा होता. टोपली वाहणाऱ्या मजूर बाईचं काम या तिन्हींत कुठेच बसत नव्हतं. तोवर दगडखाणीतली तिची हातोडीही क्रशरच्या जबड्याने काढून घेतली होती.