संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा : दोष यंत्रात की जोडउपकरणांत?

संगणक चालता चालता अचानक बंद होणे, आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा निळा पडदा दाखवून थांबणे यास ‘क्रॅश’ म्हणतात. हा प्रकार क्वचित घडल्यास तात्पुरता बिघाड समजता येतो. मात्र तो वारंवार घडू लागल्यास यंत्राचे भाग आणि त्यास जोडलेली उपकरणे तपासावी लागतात. पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू व गोंडी भाषक नागरिक दाखल्यांसाठी मी-सेवा केंद्रांवर अवलंबून असतात. तेथील संगणक बंद पडला, तर अर्धवट भरलेला अर्ज वाया जातो आणि खेड्यातून आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते.

उष्णता व धूळ

मे महिन्यात आदिलाबादचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. संगणकाचा पंखा खोलीतीलच तप्त हवा आत ओढतो. त्यात धुळीचा व कापसाच्या तंतूंचा थर साचला, तर प्रोसेसर थंड होत नाही. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या जवळपास पोहोचले की आधी वेग कमी करतात आणि तरीही तापमान वाढल्यास बंद होतात. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी बंद पडत असेल, तर प्रथम संशय उष्णतेवर घ्यावा. वीजजोडणी काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी.

वीजपुरवठा

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. ती केवळ संगणक रीतसर बंद झाला नसल्याचे सांगते, कारण सांगत नाही. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या वाहिनीवर दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असणे अपेक्षित असते. लेझर प्रिंटर छपाईच्या क्षणी मोठा वीजभार घेतो; त्यामुळे तो संगणकाच्या यूपीएसवर जोडू नये. एसएमपीएस स्वतः उघडू नये. जोडणी काढल्यानंतरही त्यात घातक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

रॅम

दर वेळी निराळा त्रुटिसंदेश येणे हे सदोष रॅमचे नेहमीचे लक्षण आहे. पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. नंतर एकेकच पट्टी लावून संगणक चालवावा. ‘मेमटेस्ट८६’ ही चाचणी रात्रभर चालू ठेवल्यास दोष सहसा उघड होतो.

जोडउपकरणे

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथे बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८चे प्रात्यक्षिक सुरू असताना स्कॅनर जोडताच भर सभेत निळा पडदा झळकला होता. सदोष यूएसबी हब, तुटकी केबल किंवा न जुळणारा ड्रायव्हर आजही तेच करू शकतो. यासाठी कीबोर्ड, माउस व मॉनिटर वगळता सर्व उपकरणे काढावीत. संगणक स्थिर राहिल्यास प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशी एकेक वस्तू पुन्हा जोडावी. प्रत्येक जोडणीनंतर, क्रॅश एरवी जितक्या वेळात होत असे त्याहून अधिक वेळ थांबावे.

तपासणीचा नियम

तपासणीपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि क्रॅशची वेळ, चालू काम व जोडलेली उपकरणे वहीत लिहावीत. दोन भाग एकदम बदलल्यास दोष कोणात होता हे कळत नाही आणि चांगला भागही भंगारात जातो. अशी आठवड्याची नोंद दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती दिल्यास अनावश्यक खर्च टळतो.